पलंगाखालची जागा: परिक्रमेच्या गाडीसाठी लेड-ॲसिड की लिथियम?

गाडी म्हणजे बीएस-६ प्रदूषण नियमांच्या आधीची एक ट्रॅव्हलर मिनीबस, इंदूरजवळच पीथमपूरला बनलेली. सीटा काढून मागे आडवा पलंग, एका बाजूला ओटा, बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज आणि पाण्याची टाकी बसवून झाली होती. अशा फेरफाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते. ते काम मालकांनी आधीच उरकलं होतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. मालक म्हणजे इंदूरच्या लोकमान्य नगरातले काका-काकू. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, काकू शाळेतून. मुलगा पुण्यात नोकरीला. कार्तिकी एकादशीनंतर नर्मदा परिक्रमा करायची आणि मग जमेल तसं महेश्वर, मांडू, पचमढी, असा बेत.

विजेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा घरात दोन तट पडलेले होते. मुलाचा हट्ट लिथियमचा, काकांचा लेड-ॲसिडचा. काकू दोघांच्या वादात पडत नव्हत्या. माझ्या पलंगाखाली नेमकं काय ठेवणार आहात, एवढंच त्या विचारत होत्या. प्रकरण शेवटी त्यांच्याच प्रश्नावर सुटलं, पण तिथवर पोचायला बराच हिशोब मांडावा लागला.

काकांचा लेड-ॲसिडवरचा विश्वास हवेतला नव्हता. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल रांगेने जोडलेले असतात आणि गावाची वीज गेली तरी फोन चालू राहतात ते त्यांच्या जिवावर. काकांची निम्मी नोकरी त्या बॅटरी-रूमच्या देखभालीत गेलेली. बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायचा हायड्रोमीटर अजून घरात जपून ठेवलेला. "आमच्या बॅटऱ्या पंधरा-पंधरा वर्षं हलल्या नाहीत, आणि तू मला लिथियम सांगतोस?" ही त्यांची सलामी.

मी विचारलं, "काका, त्या वर्षातून किती वेळा अर्ध्यावर यायच्या?"

ते थांबले. मग स्वतःच म्हणाले, "अर्ध्यावर? अर्ध्यावर आली तर साहेब खुलासा मागायचा."

एक्स्चेंजची बॅटरी फ्लोटवर असते. दिवसरात्र भरलेली, सावलीच्या खोलीत, जमिनीला घट्ट. गाडीतल्या बॅटरीच्या वाट्याला रोज रिकामं होणं, अर्धवट भरलं जाणं, उन्हात तापणं आणि खड्ड्यात आदळणं येतं. लेड-ॲसिडच्या प्लेटवर डिस्चार्ज होताना लेड सल्फेट तयार होतं. लगेच पुरता चार्ज मिळाला की ते विरघळतं, अर्धवट राहिलं की त्याचे स्फटिक घट्ट होत जातात आणि तेवढी प्लेट कामातून जाते. हे काकांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. फक्त त्यांच्या नोकरीत ती वेळ कधी आली नव्हती.

मुलाची बाजू फोनवरून यायची आणि ती सायकलींच्या भाषेत असायची (बॅटरी एकदा रिकामी होऊन पुन्हा भरली की एक सायकल). ट्यूब्युलर बॅटरी (घरच्या इन्व्हर्टरला असते ती पाणी टाकायची लेड-ॲसिड) निम्मी-निम्मी वापरली तर हजाराच्या आसपास सायकली देते, लिथियम फॉस्फेट (म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियमची एक जात) ऐंशी टक्के वापरूनही तीन हजार देते, म्हणून दर युनिटमागे लिथियम स्वस्त. हा हिशोब कागदावर बरोबर आणि या गाडीला गैरलागू. ही गाडी वर्षाला फार तर पन्नास रात्री बाहेर राहणार. तीन हजार सायकली संपायला साठ वर्षं लागतील. तोवर गाडीही नसेल आणि तिचा मालकही. इतक्या कमी वापरात बॅटरी सायकलींनी संपत नाही, वयाने म्हातारी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्यूब्युलरची चार-सहा वर्षं धरायची, बऱ्या लिथियमची दहाच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांत लेड-ॲसिडचे दोन संच आणि लिथियमचा एक.

महाराणी रोडवर त्या आठवड्यात मिळालेले भाव असे: १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) ट्यूब्युलर साधारण साडेपंधरा हजारांना, १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम फॉस्फेट साधारण बत्तीस हजारांना. दोन-दोन घेतल्या तर एकतीस हजार विरुद्ध चौसष्ट हजार. लेड-ॲसिडचा दुसरा संच धरला की दहा वर्षांचा आकडा जवळजवळ सारखाच येतो. मी तो काकांसमोर ठेवला. सत्तरीला आलेला माणूस तो, हसून म्हणाला, "दहा वर्षांचा हिशोब मला कशाला दाखवतोस? तो पुण्याला पाठव."

पैशाने निकाल लागणार नव्हता. मग मोजायला घेतलं.

सगळ्यात अडचणीची वस्तू फ्रिज नव्हती, काकांचं सीपॅप मशीन होतं. झोपेत श्वास अडकतो म्हणून त्यांना रात्रभर मास्क लावून झोपावं लागतं. फ्रिज तासभर बंद पडला तर दूध नासेल. पहाटे चारला हे मशीन बंद पडलं तर काका दचकून उठणार आणि काकू त्यांच्या आधी. म्हणून घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी काढून अंगणात उभ्या गाडीत आणली, दारं उघडी ठेवली आणि रात्री मशीनच्या वायरला डीसी क्लॅम्प मीटर लावला. नुसतं मशीन बारा व्होल्टवर सरासरी दोन अँपिअर घेत होतं. त्यातली पाणी गरम करणारी टाकी सुरू केली की आकडा पाचाच्या वर गेला. सात तासांच्या झोपेचा हिशोब केला तर टाकीशिवाय १८० वॅट-तासांच्या आसपास, टाकीसकट ४२० च्या आसपास. काकांचं म्हणणं, थंडीत टाकीशिवाय नाक कोरडं पडतं, ती लागणारच.

इथं गणिताला एक वळण मिळालं. मुलाने जी लोडची यादी पाठवली होती ती उन्हाळ्याची होती: फ्रिज जवळजवळ निम्मा वेळ चालणारा म्हणून ४९० वॅट-तास, पंचवीस वॅटचे दोन पंखे रात्रभर म्हणून ४५०, दिवे, मोबाइल, पाण्याचा पंप, चटणीपुरता मिक्सर आणि टाकीशिवाय मशीन. सगळं मिळून दिवसाला १३८० च्या घरात. पण मे महिन्यात एसीशिवाय या गाडीत कोण झोपणार आहे? परिक्रमा चातुर्मास संपल्यावर सुरू होते. म्हणजे मार्गशीर्ष-पौषाची थंडी. पंखे शून्य, फ्रिज पाव वेळ चालणार, २७० पुरे. दिवे जरा जास्त वेळ. मशीन टाकीसकट. बेरीज ९७० वॅट-तास. राहायच्या गाडीसाठी (आरव्ही) बॅटरी विचारायला येणारे बहुतेक लोक सगळ्यात वाईट दिवस धरून यादी करतात आणि त्या दिवशी घरी बसतात. यादी कॅलेंडर समोर ठेवून करावी, हा माझा आग्रह असतो.

परिक्रमेत रोज चार तास तरी गाडी चालते, पण काही ठिकाणी दोन रात्री मुक्काम असतो. काकूंचा गरुडेश्वरला दोन रात्रींचा नेम ठरलेला होता. टेंबेस्वामींची समाधी तिथे आहे, १९१४ साली ते तिथेच ब्रह्मलीन झाले. आश्रमात वीज मिळेल न मिळेल, ती धरायची नाही. टपावर सामानाचं कॅरिअर असल्याने सोलरला जागा थोडी, आणि गाडी माणसं झाडाखालीच लावतात. सोलरही हिशोबात घेतलं नाही. मग दोन दिवसांची गरज १९४० वॅट-तास. लिथियम २०० एएच म्हणजे २५६० वॅट-तास, त्यातले ऐंशी टक्के २०४८. पुरतं. ट्यूब्युलर ३०० एएच म्हणजे ३६००, त्यातले निम्मे १८००. काठावर, पण एखाद्या रात्री पंचावन्न टक्क्यांपर्यंत उतरवली तर बॅटरी लगेच मरत नाही.

लेड-ॲसिडच्या बाजूने आणखी एक गोष्ट मांडायलाच हवी. तिची क्षमता वीस तासांच्या संथ डिस्चार्जवर मोजलेली असते आणि जोरात ओढली तर ती कमी भरते. या गाडीत सरासरी ओढ तीन-चार अँपिअरची. एवढ्या संथ लोडला ट्यूब्युलर छापील क्षमता पुरेपूर देते. जिथे इंडक्शन शेगडी लावायची आहे तिथे गोष्ट वेगळी, पण काकूंनी गॅसची शेगडी सोडायला साफ नकार दिलेला होता.

चार्जिंगकडे वळलो तेव्हा आधी जुनी वायर सापडली. इंजिनापासून मागच्या पलंगापर्यंत सहा मीटर अंतर आणि आधी कोणीतरी ओढून ठेवलेली सहा स्क्वेअर एमएमची वायर. तीस अँपिअर वाहू दिले तेव्हा अल्टरनेटरपाशी (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवतो तो) १४.२ व्होल्ट आणि बॅटरीपाशी १३.१. जाऊन-येऊन बारा मीटर तांब्यात एक व्होल्ट गळत होता. १३.१ वर लेड-ॲसिड आयुष्यात भरत नाही. गाडीतल्या बॅटऱ्या दोन वर्षांत बसल्या म्हणून कंपनीला शिव्या देणाऱ्या कितीतरी लोकांचा खरा गुन्हेगार ही वायर असते. सोळा स्क्वेअर एमएम घातली की गळती चार-पाच दशांशांवर येते. ती बॅटरी कुठलीही असो, घालायचीच होती.

वायर सुधारली तरी लेड-ॲसिडची खोड राहतेच. धान्याचं पोतं भरताना आधीचे गहू भसाभस जातात आणि शेवटचे ठोकून-ठोकून बसवावे लागतात, तसा तिचा चार्ज. पन्नासपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत ती मिळेल तो करंट गुमान घेते; नंतर करंट उतरत जातो आणि शेवटच्या वीस टक्क्यांना चार-सहा तास सहज लागतात. रोज चार तास गाडी चालली तर ती नव्वदच्या आसपास अडकणार, दुसऱ्या दिवशी त्याखाली, आणि पंधरा-वीस दिवसांत एकदाही शंभरला शिवणार नाही. लिथियमला ही अट नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत त्याच वेगाने घेते, आणि अर्धवट राहिली तर तिचं काही बिघडत नाही, उलट बरं असतं.

तरीही मी काकांना स्पष्ट सांगितलं की ट्यूब्युलरवर परिक्रमा पूर्ण झाली असती. परत आल्यावर घरच्या विजेवर दोन दिवस नीट चार्ज दिला असता तर बॅटऱ्याही बऱ्याचशा सावरल्या असत्या. एका परिक्रमेने निकाल लागत नाही.

निकाल लागला जागेने.

ट्रॅव्हलरच्या मांडणीत बॅटरीला एकच जागा उरली होती, पलंगाखाली, मागच्या चाकांच्याही मागे. दोन भरलेल्या ट्यूब्युलर म्हणजे एकशे दहा-पंधरा किलो, ते सगळं मागच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या शेजारी. दोन लिथियम मिळून पंचवीस किलो. वजन हा अर्धा मुद्दा झाला. बाकीचा अर्धा हवेचा. पाणी टाकायची बॅटरी चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सोडते आणि त्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार उडतात. घरात ती पॅसेजमध्ये असते, खिडक्या उघड्या असतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. थंडीतल्या गाडीच्या काचा रात्रभर घट्ट बंद असतात, आणि वर झोपलेल्या माणसाच्या तोंडावर मास्क, ज्याचं मशीन पलंगाशेजारची हवा ओढून त्याच्या नाकात सोडतंय. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की तो पेटू शकतो. तिथवर गोष्ट जाणार नाही हे मलाही ठाऊक आहे, पण गाडी थांबल्यावरही भरत आलेली बॅटरी थोडा वेळ गॅस सोडते आणि त्यातल्या आम्लाचा वास काकूंना आला असता तर त्या रात्री गाडीत झोपल्या नसत्या.

बंद खोका करून त्याची नळी फरशीतून खाली काढता येते. मी तसे खोके केलेले आहेत. पण पाणी पाहायला दर वेळी गादी उचलायची, खोका उघडायचा, निमाडच्या धुळीत भोकं साफ ठेवायची, हे सगळं सत्तरीच्या माणसाने वाकून करायचं. सीलबंद जेल बॅटरीचाही विचार झाला. तिचा गॅस सहसा बाहेर पडत नाही, पण वजन तेवढंच, किंमत मधली, आणि अर्धवट चार्ज तिलाही सोसत नाही. काकांनी ती स्वतःच नाकारली. ज्यात हायड्रोमीटर घालता येत नाही ती लेड-ॲसिड कसली, असं त्यांचं मत.

आता काकूंची पाळी. "आणि ते लिथियम पेटतं त्याचं काय?" २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये विजेच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या होत्या, त्यांतली एक पुण्याची, मुलाच्या गावची. त्या काकूंच्या डोक्यात पक्क्या होत्या. त्याच वर्षी सरकारने अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात सुरक्षेच्या अटी वाढवल्या. भीती चुकीची म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. पण लिथियम ही एक बॅटरी नसून कुटुंब आहे. निकेल-मँगेनीज-कोबाल्टची जात कमी वजनात जास्त ऊर्जा धरते आणि तापली की आतूनच ऑक्सिजन सोडते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे ती बेकाबू व्हायला बरंच जास्त तापमान लागतं आणि झाली तरी भडका सौम्य. (१९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून या पदार्थावरचा शोधनिबंध आला, त्याचं पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय संशोधकाचं. जॉन गुडइनफ यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, ते त्याच निबंधाचे सहलेखक.) पेटतच नाही असं मी म्हणालो नाही. पलंगाखाली ठेवायची तर फॉस्फेटचीच, आणि सुटे सेल जोडून बनवलेली स्वस्तातली पेटी नको, एवढं सांगितलं. काकूंनी लेबलावरचं रसायनाचं नाव स्वतः वाचून घेतलं.

एका दुकानात आम्हाला ऐकवलं गेलं, "भिया, सीधे जोड़ दो, चार्जर-वार्जर का क्या काम." नेमकं हेच करायचं नाही. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती मिळेल तेवढा करंट ओढते. घाटात, कमी आरपीएमवर, पंख्याची हवा कमी असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय बॅटरीच्या बीएमएसने (आतलं राखण करणारं सर्किट) चालू चार्जिंगमध्ये जोडणी तोडली तर व्होल्टेजचा झटका अल्टरनेटरच्या डायोडवर येतो. मध्ये तीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर टाकला की दोन्ही टळतात. (बीएस-६ मधल्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज स्वतःच वर-खाली करतो, तिथे लेड-ॲसिडलाही हा चार्जर लागतो.) तो वीस हजारांच्या आसपास. शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) असलेलं मॉनिटर सहा हजार, वायर-फ्यूज-लग मिळून आठ. म्हणजे लिथियमचा खरा आकडा अठ्ठ्याण्णव हजार. बॅटरीच्या किमतीवर निर्णय घेणारे हे चौतीस हजार विसरतात. लेड-ॲसिडची सगळी मांडणी, खोका आणि साधा रिले धरून, सेहेचाळीसच्या आत बसली असती. फरकाची रक्कम मुलगा द्यायला तयार होता. काकांनी निम्मीच घेतली.

एकच २०० एएचची पेटी थोडी स्वस्त पडत होती. मी शंभराच्या दोन समांतर जोडल्या. कारण पुन्हा तेच मशीन: प्रत्येकीत वेगळी बीएमएस, एकीने रात्री जोडणी तोडली तरी दुसरी चालू राहते. दोघींना वेगळा फ्यूज, आणि दोन्ही पेट्यांपासून मुख्य पट्टीपर्यंत सारख्या लांबीच्या वायरी, नाहीतर जवळची जास्त राबते. गाडी स्टार्ट करायची बॅटरी मात्र लेड-ॲसिडच राहिली. तिला क्षणभर दणकून करंट द्यायचा आणि मग भरून राहायचं, त्यात तिचा हात कोणी धरत नाही.

काकांची खरी अडचण शंटपाशी आली. लेड-ॲसिडचं व्होल्टेज पाहून माणूस अंदाज बांधतो. लिथियम फॉस्फेट सत्तर टक्क्यांना १३.२ दाखवते आणि चाळीसलाही १३.१. मल्टिमीटर घेऊन बसण्यात अर्थ नाही. आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहणारा शंटच खरा. न दिसणाऱ्या हिशोबावर भरवसा ठेवायला काकांना जड गेलं. त्यांनी वही घातली आणि रोज सकाळी टक्के लिहायला लागले.

त्या वहीमुळेच परिक्रमेचा तपशील मला मिळाला. सर्वांत खालचा आकडा गरुडेश्वरच्या दुसऱ्या पहाटेचा, २९ टक्के. अपेक्षेपेक्षा थोडा खाली, कारण मशीनच्या टाकीची उष्णता काकांनी एक अंक वाढवली होती. अमरकंटक हजार मीटरच्या वर, पहाटे बाहेर चांगलंच गारठलेलं. लिथियम शून्याखाली चार्ज केली तर आतल्या इलेक्ट्रोडवर धातूचा लिथियम साचतो आणि बॅटरीची कायमची हानी होते, म्हणून ती एक सकाळ मी धास्तावून होतो. पलंगाखाली बॅटरीचं तापमान नऊ अंश होतं. माणसं झोपलेल्या गाडीत ते सहसा त्याखाली जात नाही. स्पितीला निघाले असते तर वेगळा विचार करावा लागला असता.

दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या. डीसी-टू-डीसी चार्जर ड्रायव्हरच्या सीटखाली बंदिस्त जागेत होता. तो तापून स्वतःचा करंट वीसवर आणायचा. सीटच्या पाटीला जाळी आणि एक छोटा पंखा लावल्यावर थांबलं. दुसरं, बॅटरी बरेच दिवस शंभरला पोचली नाही की शंटचा हिशोब हळूहळू सरकतो. आता आठवड्यातून एकदा मिळेल तिथे पूर्ण चार्ज करून आकडा जुळवून घ्यायचा, असं काकांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मे महिन्यात इंदूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि उभ्या बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर जातो. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना पंचेचाळीसच्या वर चार्जिंग मना असतं, आणि तापलेल्या जागी पूर्ण भरून ठेवली तर त्या लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणून उन्हाळ्यात दोन्ही पेट्या निम्म्या भरून, टर्मिनलला टोप्या लावून घरात येतात. बारा-साडेबारा किलोची एकेक. काका एकटे उचलतात. ट्यूब्युलर असती तर दोन हमाल लागले असते. घरातच आहेत तर घरच्या इन्व्हर्टरला का जोडायच्या नाहीत, असं काकूंनी विचारलं. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असेल तर जरूर. त्यांचा जुना आहे, त्याचं बूस्ट व्होल्टेज लेड-ॲसिडच्या मापाचं, म्हणून तूर्त नाही. नवा घेताना ती सेटिंग पाहून घेणार आहेत.

हे सगळं पाहून सुदामा नगरातले एक गृहस्थ आपली गाडी घेऊन आले, अगदी अशीच करून द्या म्हणाले. त्यांची गाडी वर्षातून चारदा बाहेर पडते, दर वेळी प्लग मिळणाऱ्या रिसॉर्टमध्ये, आणि बॅटरीची जागा मागच्या दाराबाहेरच्या डिकीत, केबिनपासून वेगळी. त्यांना मी दोन ट्यूब्युलर, सोळा स्क्वेअर एमएम वायर आणि तीन टप्प्यांत चार्ज करणारा चांगला चार्जर लिहून दिला, आणि बॅटरीला दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर पाहायला सांगितलं. ते जरा नाराज झाले. वाचलेल्या पन्नास हजारांतून टपावर चांदणी (सावलीचं कापडी छत) लावून घ्या, असं सुचवलं तेव्हा खुलले.